वेगळी बाटली

"एक विचारू का? राग मानायचा नाही," पंच दारातूनच म्हणाला.

मावशीचे दोन्ही हात काचपेटीत होते. पेशींच्या बाटल्या उघडायच्या त्या याच पेटीत, वाहत्या हवेच्या पडद्याआड, म्हणजे बाहेरचा जंतू आत शिरत नाही. हात असे गुंतलेले असताना कुणी बोलायला आलं की ती खेकसायची. पण पंच तिच्या बरोबरीचा. दोघं एकाच वर्षी या संस्थेला चिकटले होते आणि एकमेकांचे केस पांढरे होताना त्यांनी पाहिले होते.

"विचार."

"तुझी भाची तुझ्या बहिणीचीच ना? म्हणजे दत्तक वगैरे काही..."

मावशीला हसूच आलं. "अरे, ती झाली तेव्हा दाराबाहेर मी उभी होते. नर्सने आणून पहिल्यांदा माझ्याच हातात दिली. भावजी चहा प्यायला गेले होते. त्यावरून ताईने त्यांना जन्मभर ऐकवलं."

पंच हसला नाही. एरवी असली गोष्ट तो चवीने ऐकायचा आणि वर आपली फोडणी द्यायचा. आज त्याने स्टूल ओढलं आणि तो बसला.

पंचाचं खातं तळमजल्यावर. कुठल्या पेशी कुणाच्या, हा नमुना या माणसाचा की त्या, याचा निवाडा तो करायचा, म्हणून सगळे त्याला पंच म्हणत. मावशीला मावशी हे नाव पडलं ते या भाचीमुळे, छबीमुळे. छबी शाळा सुटली की इथेच येऊन बसायची आणि साऱ्या मजल्यावर 'मावशी, मावशी' करत हिंडायची. ते नाव हळूहळू संस्थेने उचललं. दवाखान्यातल्या झाडलोट करणाऱ्या बायकांनाही मावशीच म्हणतात, त्यामुळे एकदोघा नवख्या उमेदवारांनी तिला सांडलेलं पुसायला सांगितलं होतं. तिने मुकाट्याने पुसलं होतं. तेच लोक दुसऱ्या दिवशी मुलाखतीला तिच्यासमोर येऊन बसले, तेव्हा त्यांच्या तोंडचं पाणी पळालं होतं.

आणि पेटीतल्या त्या बाटल्यांमध्ये होती ताई.

म्हणजे तिच्या पेशी. मावशीची थोरली बहीण अंडाशयाच्या कर्करोगाने गेली, त्याला आता बरीच वर्षं झाली होती. तिच्या पोटात साठलेल्या पाण्यातून काढलेल्या पेशी मात्र मावशीने काचेत वाढवल्या, जगवल्या. कागदोपत्री त्यांना एक क्रमांक होता, पण तो कुणाच्या लक्षात राहत नसे. सगळे ताईच म्हणत. ताईला खायला घातलं का, ताईला जागा पुरत नाही, ताई आज रुसलीय. खायला म्हणजे ते गुलाबी पाणी, ज्यात साखर असते, क्षार असतात आणि पेशींना लागणारं आणखी बरंच काही. संध्याकाळी उबेच्या कपाटाचं दार लावताना मावशी न चुकता म्हणायची, "वाढा गं बायांनो." आणि त्या वाढायच्या.

या पेशींवर मावशीचं सगळं आयुष्य उभं होतं. औषधाने मरायला हव्यात त्या पेशी मरत का नाहीत, कुठलं जनुक बंद पडलं की त्या निर्ढावतात, आणि ते पुन्हा कसं जागं करता येईल, याचा माग काढण्यात तिने लग्नाचं वय घालवलं आणि नंतर डोळे घालवले. आता कुठे हाताला काही लागलं होतं. जोडीला दुसरं एक औषध दिलं की ताई मरत होती. हा लेख तिने एका मोठ्या नियतकालिकाकडे पाठवला. तिकडून नव्या रिवाजाप्रमाणे विचारणा आली की या पेशी ज्या बाईच्या म्हणता, तिच्याच आहेत याचा पुरावा द्या. बहिणीचं रक्त कुणी राखलेलं नव्हतं आणि इस्पितळाने जुने नमुने केव्हाच टाकून दिले होते. तेव्हा पंचाने सुचवलं, लेकीचा नमुना आण. छबी आनंदाने आली. गालाच्या आतून कापसाची काडी फिरवून घेताना म्हणाली, "आईशी जुळलं नाही तर सांग हं, नाकावरून मला पहिल्यापासून संशय आहे."

ते आठवलं आणि मावशीने हात पेटीतून बाहेर काढले.

पंच बोलायला लागला तो खाली बघत. माणसाच्या डीएनएत काही खुणा असतात, त्यांतल्या निम्म्या आईकडून येतात, हे मावशीला समजावून सांगायची काहीच गरज नव्हती, पण तो ते सगळं सांगत गेला. छबीच्या खुणा त्याने ताईच्या खुणांशी ताडून पाहिल्या, जुळल्या नाहीत. त्याने सगळं पुन्हा पहिल्यापासून केलं, तरी जुळल्या नाहीत. मग त्याने ताईच्या खुणा संस्थेतल्या बाकी सगळ्या पेशींशी लावून पाहिल्या.

"आणि?"

"म्हातारी आहे," पंच म्हणाला. "खूण अन् खूण म्हातारीची. या बाटल्यांत तुझी बहीण नाही."

म्हातारी म्हणजे संस्थेतल्या सर्वांत जुन्या पेशी. कुणा एका बाईच्या गर्भाशयाच्या तोंडाच्या कर्करोगातून त्या फार पूर्वी काढलेल्या होत्या. ती बाई कोण, कुठली, हे कुणालाच माहीत नव्हतं. तिच्या पेशी मात्र भारी चिवट. कुठेही पडल्या तरी मूळ धरायच्या आणि शेजारच्या नाजूक पेशींना हां हां म्हणता गिळून टाकायच्या. नव्या माणसाला इथे पहिला धडा दिला जायचा तो हाच. म्हातारीची बाटली उघडाल तेव्हा पेटीत दुसरी बाटली नको, आणि म्हातारीचं गुलाबी पाणी तिचं तिला वेगळं. त्या पाण्यात बुडवलेली नळी दुसरीकडे गेली आणि तिच्यासोबत एक पेशी गेली, तरी कारभार आटोपला. हा धडा गेली कित्येक वर्षं मावशीच देत आली होती.

"केव्हा झालं असेल?" पंचाने विचारलं.

केव्हा झालं ते मावशीला कळलं होतं.

बहिणीच्या पोटातलं पाणी डॉक्टरांनी काढलं, त्यातली एक बरणी मागून घेऊन ती तशीच धावत इथे आली होती. त्या पेशींनी काचेला धरलं खरं, पण त्या वाढेनात. रोज बघावं तर तेवढ्याच, उलट चार कमी. तिकडे ताई खाटेवर सुकत चालली होती आणि इकडे या. मावशी दिवसभर इस्पितळात बसायची आणि मध्येच तासाभरासाठी येऊन पेशींना पाणी घालून जायची. त्याच दिवसांत दुसऱ्या एका कामासाठी म्हातारीही तिच्याकडेच होती. वेगळं पाणी तयार करायला वेळ नव्हता आणि डोकं ठिकाणावर नव्हतं. गुलाबी पाण्याची एकच बाटली पेटीत असायची. आधी ताई, मग म्हातारी, असा क्रम ठेवला की काही होत नाही, असं तिने मनाशी घोकलं होतं. क्रम कधीतरी चुकला असणार.

ताई गेली. सगळं उरकून मावशी कामावर परतली, तिने कपाट उघडलं आणि बाटली भिंगाखाली धरली. पेशी वाढल्या होत्या. बाटलीचा तळ भरत आला होता, कडेकडेने नव्या पेशी दाटीवाटीने उभ्या होत्या. तिने तिथूनच भावजींना फोन लावला. ताईने तग धरलाय, म्हणाली. जन्मभर कुणापुढे हार मानली नाही, इथेही नाही मानली. फोनवर दोघंही रडले. छबीला तिने दुसऱ्या दिवशी इथे आणून भिंगाला डोळा लावायला सांगितलं. त्यानंतर दर वर्षी आईच्या वाढदिवसाला छबी यायची, स्टुलावर बसून बराच वेळ भिंगातून बघायची, आणि जाताना बाटलीवर हळूच बोट टेकवून जायची.

ताई म्हणून छबीने इतकी वर्षं बघितली ती कोण, हे आता पंचाने सांगितलं होतं.

विभागप्रमुखांना ती त्याच दुपारी भेटली. साहेब वयाने तिच्यापेक्षा लहान, पण आवाज जाड ठेवायची त्यांना सवय. सगळं ऐकून त्यांनी आधी दार लावून घेतलं. पंचाने आणखी कुणाला सांगितलंय का, हे विचारलं. मग म्हणाले की घाई नको, लेख तूर्त थांबवू. नंतर पेशींचं नाव बदलून, गर्भाशयाच्या तोंडाचा कर्करोग म्हणून तोच अभ्यास मांडता येतो का बघू. जुन्या लेखांचं म्हणाल तर ते आता कोण उकरून काढणार? मावशी मान खाली घालून ऐकत होती. तिच्या मनात फक्त बाटल्या होत्या आणि वाया गेलेली वर्षं. ती उठली तेव्हा साहेबांना तिची दया आली असावी.

"मनाला लावून घेऊ नका," ते म्हणाले. "चुका सगळ्यांच्या हातून होतात. यात कुणाचा जीव थोडाच गेलाय?"

दाराच्या मुठीवरचा मावशीचा हात तिथेच राहिला.

छबीचं लग्न ठरलं होतं तेव्हाची गोष्ट तिला आठवली. आजीही पोटाच्याच कर्करोगाने गेलेली, मग आई. छबी एक दिवस इथे येऊन म्हणाली होती, मावशी, हे माझ्यातही असेल का गं? मुलंबाळं होऊ द्यायची की नाही? तेव्हा मावशीने तिला जवळ बसवून नीट समजावलं होतं. असा दोष जनुकात असतो, तो आईकडून लेकीकडे येऊ शकतो. तो असला तर वेळीच अंडाशय काढून टाकतात. पण घाबरायचं कारण नाही, आपल्याकडे तुझी आईच आहे ना, तिलाच विचारू. तिने ताईच्या पेशींमधली ती जनुकं अक्षर अन् अक्षर वाचून काढली. दोष नव्हता. आईतच नाही तर तुझ्यात कुठून येणार, असं म्हणून तिने छबीच्या पाठीवर थाप मारली होती. छबीने त्या दिवशी तिला घट्ट मिठी मारली. मग लग्न झालं, लेक झाली. दवाखान्यातल्या डॉक्टरबाईंनी घराण्याचा इतिहास ऐकून कधी तपासणीचा विषय काढला, की छबी ऐटीत सांगायची, माझ्या मावशीने ते सगळं बघून ठेवलंय.

मावशीने बघितलं होतं ते म्हातारीचं जनुक.

आयुष्यभराचं काम मातीत गेल्याचं दुःख काही क्षणांपूर्वी तिला डोंगराएवढं वाटत होतं, ते आता कुठल्या कुठे गेलं. छबी आता त्याच वयाला आली होती, जिथे ताईला पहिल्यांदा पोट जड वाटायला लागलं होतं.

छबीचा नमुना अजून पंचाच्या फ्रिजमध्ये होता. नळीत अर्धी काडी उरली होती. मावशी तळमजल्यावर गेली, तिने काही न बोलता ती नळी बाहेर काढली आणि बर्फात रोवली. पंच बघत होता. त्याला सांगावं लागलं नाही.

"जनुक वाचायचं यंत्र मोकळं आहे," तो म्हणाला. "कुणाला कळणार नाही. नसला दोष, तर तिला सांगायचीही गरज नाही. उगाच पोरीच्या जिवाला घोर कशाला?"

हेच तर तिच्याही मनात होतं. दोष नसेल. निम्मी शक्यता नसण्याचीच. मग छबीला एवढंच सांगायचं, लेख काही जमला नाही. ती दर वाढदिवसाला येत राहील, बाटलीवर बोट टेकवत राहील, कुणाचं काय बिघडणार आहे? मावशीने हातमोजे चढवले. नळीचं झाकण फिरवलं. आणि मग तिला स्वतःचीच किळस आली. पोरीच्या पाठीमागे, तिला न विचारता, तिच्या शरीराचा निकाल लावायला आपण पुन्हा बसलो आहोत. एकदा लावला, तो असा लागला. तिने झाकण घट्ट केलं, नळी पंचाच्या हातात दिली आणि म्हणाली, "परत ठेव. मी आधी तिच्याकडे जाऊन येते."

छबीच्या घरी दार तिच्या नवऱ्याने उघडलं. मावशी आलेली बघून तो नेहमीसारखा म्हणाला की आज सूर्य कुठे उगवला, आणि चहा टाकायला आत गेला. छबी धुतलेल्या कपड्यांच्या घड्या करत होती. आतल्या खोलीत तिची लेक पाढे म्हणत होती आणि दर वेळी एकाच ठिकाणी अडत होती.

"काय गं, निघाला ना निकाल?" छबी हसत म्हणाली. "मी आईची नाहीच ना?"

"तू आईचीच आहेस. त्या पेशी आईच्या नाहीत."

मावशीने सगळं सांगितलं. आडवळणं घेतली नाहीत, शास्त्रही फार सांगितलं नाही. एका बाटलीतलं पाणी दोघींना घातलं, त्यात दुसरीच्या पेशी आल्या, तुझी आई त्यांनी तेव्हाच संपवली, असं म्हणाली. छबीच्या हातातली घडी अर्धी राहिली. बराच वेळ ती त्या सदऱ्याच्या बाह्या सरळ करत बसली.

"म्हणजे मी इतकी वर्षं कुणाला भेटायला येत होते?"

"दुसऱ्या एका बाईला."

"तिला लेकरं होती का?"

मावशीला ते माहीत नव्हतं. इतक्या वर्षांत तिने तसा विचारही केला नव्हता. ती तसं म्हणाली. छबीने डोळे पुसले आणि म्हणाली, जाऊ दे, तू तरी काय मुद्दाम केलंस, आई जात होती तेव्हा तुझं काय चाललं होतं ते मी बघत होते की. मावशीला तो समजूतदारपणा सोसेना. त्या समजूतदारपणावरच थांबून, चहा पिऊन निघून जावं असं तिला वाटून गेलं. पण सांगायचं ते अजून उरलेलंच होतं.

"छबे, तुझ्या लग्नाआधी मी तुला सांगितलं होतं, तुझ्यात दोष नाही. ते मी याच पेशी बघून सांगितलं होतं."

छबी हुशार होती. तिला दुसरं वाक्य लागलं नाही. तिचा चेहरा आधी कोरा झाला, मग तिने आतल्या खोलीकडे पाहिलं. पाढे पुन्हा त्याच ठिकाणी अडले होते.

"मी बाईंना हसून सांगायचे," ती म्हणाली. "दोनदा म्हणाल्या त्या, तपासून घे. मी म्हटलं, माझ्या मावशीला विचारा."

"हो."

"तू मावशी म्हणून सांगितलं असतंस ना, की काळजी करू नकोस, तर मी धरलंही नसतं. सगळ्याच मावश्या तसं म्हणतात. तू शास्त्रज्ञ म्हणून सांगितलंस."

जावई चहा घेऊन आला आणि दोघींकडे बघून दारातच थबकला. छबीने उरलेल्या कपड्यांच्या घड्या केल्या, एकावर एक रचल्या आणि कपाटात ठेवल्या. मावशी निघाली तेव्हा ती दारापर्यंत आली नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी मावशीने कपाटातल्या ताईच्या सगळ्या बाटल्या बाहेर काढल्या. पंच मदतीला आला होता, पण तिने त्याला हात लावू दिला नाही. पेशी टाकून द्यायची इथली रीत साधी आहे, बाटलीत ब्लीच ओतायचं आणि थांबायचं. गुलाबी पाण्याचा रंग उडत जातो, फिकट पिवळा होतो, मग काहीच उरत नाही. एकेका बाटलीपाशी ती तो रंग पूर्ण जाईपर्यंत उभी राहिली. ही कोण बाई, हिची लेकरं कुठे असतील, हा छबीचा प्रश्न तिच्या डोक्यातून जात नव्हता. बहिणीसाठी ती केव्हाच रडून मोकळी झाली होती. आज पहिल्यांदा तिला म्हातारीसाठी रडू आलं.

मग तिने आतापर्यंत छापून आलेला आपला प्रत्येक लेख मागे घेत असल्याचं त्या त्या संपादकांना कळवलं, आणि चूक कुणाची तेही स्पष्ट लिहिलं. साहेब संतापले. तुमच्या प्रामाणिकपणापायी सगळ्या विभागाची अब्रू गेली, असं चारचौघांत म्हणाले. तिच्या हाताखालचे दोघे जण दुसऱ्या मजल्यावर बदली मागून गेले. मावशीने त्यांना अडवलं नाही, त्यांच्याही लेखांवर पाणी पडलं होतं. जेवणाच्या सुट्टीत तिच्या टेबलावर आता एकटा पंच बसायचा आणि लफड्यांच्या गोष्टी सांगायचा. तिला हसू येत नसे, पण तो सांगायचं थांबला नाही.

छबीने इस्पितळात जाऊन रीतसर तपासणी करून घेतली. निकाल तिने फोनवर सांगितला, एका वाक्यात. दोष होता. आईचाच असणार.

मग सगळं भराभर घडलं. तपासणीत डाव्या बाजूला काहीतरी दिसलं, डॉक्टरांना ते आवडलं नाही, आणि ऑपरेशनची तारीख ठरली. मधल्या काळात छबी मावशीशी कामापुरतं बोलत होती. या औषधाचं काय, त्या डॉक्टरांचं काय, असं. मावशी उत्तर द्यायची आणि प्रत्येक उत्तराच्या शेवटी म्हणायची, पण तू डॉक्टरांना विचार. पूर्वी तिने असं कधी म्हटलं नव्हतं.

ऑपरेशनच्या दिवशी मावशी इस्पितळात गेली, पण जरा लांबच, वळणावरच्या बाकावर बसली. आपण पुढे जावं की नाही हे तिला ठरवता येईना. छबीला चाकाच्या खाटेवरून नेत होते. मावशीपाशी आल्यावर छबीने हात वर केला आणि खाट थांबवली. टोपीत तिचा चेहरा अगदी ताईसारखा दिसत होता, नाक सोडून.

"मी डॉक्टरांना लिहून दिलंय," छबी म्हणाली. "आत जे निघेल त्यातला त्यांना नको असलेला भाग तुला द्यायचा. तुझ्या कामाला."

मावशीने नुसती मान हलवली, हो म्हणून की नको म्हणून ते तिचं तिलाही कळलं नाही.

"आणि मावशी, या वेळी बाटली वेगळी ठेव."

ती रागाने बोलली नव्हती आणि माफही करत नव्हती. घरातून निघताना गॅस बंद कर म्हणावं, तशी म्हणाली. खाट पुढे गेली आणि दार मिटलं. याच कॉरिडॉरमध्ये, की अशाच दुसऱ्या एखाद्या, कुणीतरी ती पोर दुपट्यात गुंडाळून मावशीच्या हातात दिली होती. आज नर्स बाहेर आली तेव्हा तिने दिली ती बर्फात ठेवलेली एक डबी. डॉक्टर नंतर आले आणि जावयाला बाजूला घेऊन बोलले. मावशीला दोनच वाक्यं ऐकू आली. गर्भनलिकेच्या टोकाशी सुरुवात झालेली होती आणि थोडं पुढेही सरकलेलं होतं. दोनेक वर्षांपूर्वी आला असतात तर बरं झालं असतं.

त्या आठवड्यात मावशीने काचपेटी धुऊन काढली, पुसली, पुन्हा धुतली. आपल्या खोलीतल्या बाकी सगळ्या पेशी तिने खाली पंचाकडे हलवल्या. गुलाबी पाणी नवं बनवलं, त्याची बाटली नवी, नळ्या नव्या. बाटलीवर नाव लिहायला तिने मार्कर उघडला. ताईचं नाव तिने तेव्हा ठसठशीत लिहिलं होतं. जिवंत माणसाचं नाव बाटलीवर लिहायला तिचा हात धजेना. तिने एक क्रमांक टाकला आणि मार्करला टोपण लावलं.

पंच रोज विचारायचा, धरलं का गं? धरलं होतं. काचेच्या तळाशी छबीच्या पेशी दूर दूर बसल्या होत्या, एकट्यादुकट्या, जागा धरून. रोज मावशी त्यांना पाणी घालायची, भिंगाखाली बघायची. त्या मरत नव्हत्या आणि वाढतही नव्हत्या. खऱ्या पेशी बहुतेक वेळा अशाच वागतात, तेव्हा ताईच्याही अशाच वागत होत्या. काचेतल्या पेशी वाढल्या काय आणि न वाढल्या काय, छबीच्या पोटात काय होणार ते त्याने ठरत नाही, हे मावशीपेक्षा जास्त चांगलं कुणाला माहीत असणार? छबीची औषधं सुरू झाली होती, आणि त्या औषधांपुढे कुठल्या पेशी निर्ढावतात हे शोधायला मावशीला या पेशी वाढायला हव्या होत्या. भरपूर वाढायला हव्या होत्या.

संध्याकाळ झाली. तिने बाटली उबेच्या कपाटात ठेवली आणि दारावर हात ठेवून नेहमीसारखी उभी राहिली. तोंडात आलेले 'वाढा गं' हे शब्द तिने गिळले. मग काही न बोलता तिने दार लावून घेतलं.